सतरा घरांची माती

कार्तिकी पौर्णिमा झाली की आम्ही मध्य प्रदेशातल्या बिरशाजवळचं घर बंद करून नागपूरला परततो, ते होळीलाच पुन्हा उघडतं. सगळं जग हिवाळ्यात जंगलाकडे धावतं आणि आम्ही थंडी पडायच्या आत तिथून पळ काढतो, याचं कारण ह्यांचा दमा. तो घराण्यातला आहे, सासऱ्यांनी वारशात दुसरं काही दिलं नाही. ह्यांची सगळी नोकरी मलाजखंडला तांब्याच्या खाणीत गेली. तीस वर्षं आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये काढली, आणि निवृत्तीनंतर ह्यांना तो मुलूख सोडवेना म्हणून एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, जागा घेऊन दोन खोल्या आणि पडवी बांधली, वर कवेलू, म्हणजे कौलं. उन्हाळ्यात नातवंडं येतात, दिवाळीत मुलं येतात. टोल्यावर आमचं धरून अठरा घरं आहेत. बहुतेक सगळी शेतकऱ्यांची, काही पिढ्यांपूर्वी भंडाऱ्याकडून वर सरकलेली, घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी.

घर बंद करणं हे चांगलं दोन दिवसांचं काम आहे. गाद्या गुंडाळून तारेनं आढ्याला टांगायच्या, नाहीतर उंदीर त्यांत आपली बाळंतपणं उरकतात. विहिरीवरच्या मोटारीतलं पाणी काढायचं. रिकामे डबे पालथे घालायचे. फ्रिजच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे आत बुरशी धरत नाही. कवेलूंवर बोराटीच्या फांद्या टाकायच्या, म्हणजे वानरं वर नाचत नाहीत. खरं तर तरीही नाचतात, पण आपण आपलं काम केलं एवढं समाधान.

याशिवाय माझं एक खाजगी काम असतं. काडेपेटीतल्या काड्या मी मोजून ठेवते. चादरीचं टोक फरशीच्या कोणत्या रेघेवर आलं आहे ते पाहून ठेवते. कपाटाच्या दोन दारांवर मिळून थुंकीनं एक केस चिकटवते. मला हे कुणी शिकवलेलं नाही, संशय माझ्या अंगातच आहे. भाजीवाल्याच्या तराजूपासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत मी कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. हे म्हणतात, तू पोलिसात असतीस तर चोरांनी स्वतःहून धंदा सोडला असता. ते चेष्टेनं म्हणतात, मला मात्र त्यात थोडं कौतुकही ऐकू यायचं.

घराची किल्ली शेजारच्या घरी असते. तिथली सून आमचं घर सांभाळते. तिशीतली, कामाला वाघीण, बोलायला कमी. महिन्यातून दोनदा येऊन दारं उघडते, झाडते, पुन्हा कुलूप लावते. तिच्याआधी हे काम तिची सासू करायची. सासूनं ते सात वर्षांपूर्वी सोडलं, आणि तेव्हापासून आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

यंदाच्या आवराआवरीत पहिल्याच सकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पडवीत लोणच्याच्या बरण्यांची तोंडं कापडानं बांधत होते. आत स्वयंपाकघरात सून झाडू भिंतीला टेकवून मोबाईल हातात धरून उभी होती आणि मांडणीचे फोटो काढत होती. आधी एक लांबून, मग एकेका फळीचा जवळून. मी खाकरले तर तिनं मोबाईल कमरेला खोचला आणि झाडू उचलला. दुपारी तीच तऱ्हा निजायच्या खोलीत. पलंग, कपाट, कपाटाचं कुलूप, खिडकीचे गज. खिडकीचे गज कशाला हवेत कुणाला?

संशयी माणसाला उत्तरं शोधावी लागत नाहीत, ती हात जोडून रांगेत उभी असतात. हिवाळा म्हणजे वाघ बघायला येणाऱ्यांचा हंगाम. आमच्या आजूबाजूला दर वर्षी एखादं तरी शेतघर रंग लावून पाहुण्यांसाठी उघडतं. म्हणजे आमची पाठ वळली की ही आमच्या पलंगावर दिल्ली-मुंबईची माणसं झोपवणार, आणि त्यांना आधी दाखवायला फोटो हवेत. मग मला मागच्या होळीला खटकलेल्या गोष्टी आठवल्या. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून गेले होते, ती खालच्या फळीवर मिळाली होती. घर उघडताना विडीचा वास आला होता. तेव्हा मी ते कुणाला बोलले नव्हते, पण विसरलेही नव्हते.

ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, काड्या मोजून झाल्या का. मी तो विषय तिथेच सोडला आणि एकटीच पाळत ठेवली. संध्याकाळी ती विहिरीजवळ फोनवर बोलताना ऐकलं, आवाज दबका होता. "हौ, दोनी खोलीचे काढले. पलंगाचा बी काढला. आता भायेरचा राह्यला." पलीकडे कोण आहे ते कळलं नाही, पण मला आणखी काही ऐकायची गरजही वाटली नाही. त्या रात्री मी किल्ली उशीखाली घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाद्या टांगताना मी तिला गाठलं. ती स्टुलावर चढलेली, दोन्ही हात तारेत गुंतलेले, म्हणजे पळून जायला वाव नाही. मी गोड आवाजात विचारलं की फोटो कशासाठी काढतेस गं, कुणाला पाठवायचे आहेत का. माझी अपेक्षा होती की ती दचकेल. ती दचकली नाही. तिनं तारेला पीळ घातला, खाली उतरली, हात पुसले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

फोटो फक्त यंदाचेच नव्हते. मागच्या वर्षीचे होते, त्याच्या मागच्या वर्षीचे होते. आम्ही घर सोडण्याआधीचे आणि होळीला आम्ही यायच्या आदल्या दिवशीचे, जोडीजोडीनं. मागच्या वर्षीच्या फोटोत मिठाची बरणी खालच्या फळीवर होती. घर सोडायच्या दिवशीच खालच्या फळीवर होती, मीच ठेवलेली. विडीचं मी विचारलं नाही, पण ते तिनंच दाखवलं. मीटर तपासायला वीजखात्याचा माणूस आला होता, पडवीत बसून त्यानं विडी ओढली, त्याचाही फोटो होता. फोनवर काल तिचा नवरा होता. तो शेतावरून विचारत होता की एकही कोपरा सुटला नाही ना.

"सबूत ठेवून राह्यली, काकू," ती म्हणाली. "आमच्या बुढीजवळ तवा सबूत नव्हता."

आता सात वर्षांपूर्वीचं सांगायला हवं.

माझ्या आईची एकदाणी होती. एकाच सरातले सोन्याचे मणी, आमच्याकडे लग्नकार्यात घालतात ती. त्या वर्षी दिवाळीत मी ती टोल्यावर नेली होती, आणि घर बंद करायच्या दिवशी ती सापडेना. मी दोन्ही खोल्या उलट्यापालट्या केल्या. कपाटाची किल्ली माझ्याशिवाय एकीच्याच हातात जायची, तिचं नाव मी मोठ्यानं घेतलं नाही. फक्त अंगणात उभी राहून इतकंच म्हटलं की बाहेरचं तर कुणी आलं नव्हतं. अठरा घरांच्या टोल्यावर एवढं पुरतं.

सासूनं ते ऐकलं आणि स्वतःच टोल्यावर निरोप फिरवला की माती टाका. ही तिकडची जुनी रीत आहे. वस्तू हरवली की प्रत्येक घरानं दिवेलागणीला टोपलीभर माती झाकून आणायची आणि एकाच जागी ओतायची. ज्यानं वस्तू घेतली असेल त्यानं ती मातीत घालून आणावी. कोणाच्या टोपलीतून आली ते कुणाला कळत नाही, वस्तू परत मिळते, माणसाचं तोंडही काळं होत नाही. सतरा घरांनी आमच्या अंगणात माती आणून ओतली. अठरावं घर आमचं, आमची माती कुणी मागितली नाही, कारण वस्तू आमचीच गेली होती.

सकाळी सगळ्यांसमोर सासूनं तो ढीग चाळणीनं चाळला. कुणाला हात लावू दिला नाही. ऊन चढेपर्यंत ती चाळत होती आणि मी पडवीत उभी राहून तिच्या बोटांकडे बघत होते, मणी लपवते की काय म्हणून. खडे निघाले, बांगडीच्या काचा निघाल्या. एकदाणी निघाली नाही. ती उठली, लुगडं झटकलं आणि घरी गेली.

मातीतून निघालं नाही म्हणजे घेणाऱ्याला परत द्यायचंच नव्हतं, असा टोल्यानं अर्थ काढला. आणि किल्ली कुणाकडे होती हे सगळ्यांना माहीत होतं. तिला कुणी चोर म्हटलं नाही. फक्त तिच्याकडून कोठी गेली. तिकडे लग्नघरात एक खोली सामानाची असते, धान्य, तूप, बुंदी, आहेराची लुगडी, नवरीचे दागिने सगळं तिथेच. तिला कोठी म्हणतात, आणि तिच्या दाराशी लग्नाचे चार दिवस एक बाई किल्ल्या कमरेला लावून बसते. ज्या बाईवर सगळ्या गावाचा भरवसा तिलाच तिथे बसवतात. टोल्यावरच्या प्रत्येक लग्नात तिथे सासू बसायची. नवऱ्यामुलाच्या बापालाही लाडू हवा असेल तर तिला विचारावं लागायचं. त्या मातीनंतर कुठल्याच लग्नात तिला तिथे बसवलं नाही.

आणि एकदाणी? ती माझ्याकडे होती. त्या दिवाळीत घर नातेवाइकांनी भरलं होतं, म्हणून मी ती अशा ठिकाणी लपवली जिथे कुणी हात घालणार नाही. ह्यांचं वाफेचं मशीन ठेवायची जी पिशवी होती तिच्या अस्तरात. लपवली ती इतकी चांगली की माझी मलाच आठवेना. ते मशीन त्याच वर्षी बिघडलं, नवीन घेतलं, जुनं पिशवीसकट नागपूरच्या माळ्यावर गेलं. चार वर्षांपूर्वी माळा साफ करताना पिशवी हाताला जड लागली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ठरवलं की होळीला गेलो की सांगेन. होळीला सून फाटकापाशी पाणी घेऊन आली, सासूचा विषय कुणी काढला नाही, माझी जीभ रेटली नाही. मग दिवाळीला सांगू. मग असं वाटू लागलं की आता सांगितलं तर ही माणसं चिडून किल्ली परत करतील आणि घर कोण बघणार. ह्यांनाही सांगितलं नाही. एकदाणी बँकेत ठेवून दिली आणि दर वर्षी तिथे जाऊन, ज्या घरावर मी आळ आणला त्याच घरावर पहारा ठेवण्यासाठी कपाटावर केस चिकटवत राहिले. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

सून मोबाईल परत खोचून दुसरी गादी गुंडाळायला लागली होती. ती सहसा एवढं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. पुढच्या आठवड्यात टोल्यावर लग्न आहे, सासूच्या सख्ख्या पुतण्याच्या मुलीचं. घरचंच लग्न, आणि कोठीवर बसायला नवरीच्या आईच्या माहेरची बाई येणार आहे. सासूनं हे ऐकल्यापासून जेवण अर्ध्यावर आणलं आहे. गुडघे दुखतात म्हणून लग्नाला येणार नाही, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. "गुडघे नाई दुखत तिचे," सून म्हणाली.

तिथे मी सांगून टाकलं. गादीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या हातात, आणि मी पिशवीचं, अस्तराचं, माळ्याचं, चार वर्षांचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिनं ओरडावं असंही वाटलं. तिनं गादीचं टोक हळूच खाली ठेवलं.

"मले सांगून काय होते, काकू?" ती म्हणाली. "चला बुढीकडे."

सात वर्षांत मी त्यांच्या अंगणात गेले नव्हते. सासू खाटेवर उन्हात बसून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होती. मी पूर्वी पाहिली होती त्याहून खूप लहान वाटली. मला फाटकातून येताना पाहताच तिनं सूप बाजूला ठेवलं, कमरेची चंची सोडली आणि खाटेवर पालथी केली. दोन सुपाऱ्या, तंबाखू, चुन्याची डबी, एक सेफ्टीपिन. रिकामी चंची तिनं आतून बाहेर काढून झटकली. मग सुनेला म्हणाली की आतली पेटी उघडून दे हिला.

"यंदा काय गेलं तुमचं?" तिनं मला विचारलं.

मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी खाली बसले आणि खालीच बसून सांगितलं. मधे एकदा रडू आलं, ते तिनं थांबवलं नाही आणि समजूतही काढली नाही. सांगून संपलं तेव्हा ती सुपाऱ्या परत चंचीत भरत होती, त्यालाच तिला बराच वेळ लागला.

"सतरा घरानं माती टाकली होती," ती म्हणाली. "तुमचंच राह्यलं होतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले कायले सांगता? मी घेतली नोती हे मले माहीतच हाय. ज्याले माहीत नाई त्याले सांगा." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आमची गाडी भरून उभी होती. हे पुढच्या सीटवर बसून वाट बघत होते, दिवस लहान, घाटातून उजेडात उतरायचं होतं. मी त्यांनाही सांगितलं, खिडकीपाशी उभी राहून, थोडक्यात. त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि मफलर नाकावर घेतला. मग मी एकटी टोल्यावर फिरायला निघाले.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं सोपं होत जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पहिल्या दोन-तीन घरांत मला चहा दिला आणि म्हणाले, जाऊ द्या काकू, जुनी गोष्ट झाली. त्यांना वाटत होतं की मीच मोठ्या मनानं प्रकरण मिटवते आहे. एका म्हाताऱ्यानं मला नीट पारखून घेतलं आणि विचारलं की एकदाणी कुठे आहे. मी म्हटलं, नागपूरला. म्हणजे गावानं पाहिली नाही, तो म्हणाला. मग सरळच विचारलं की त्या बाईनं आता परत आणून दिली आणि तुम्ही तिच्यावर पांघरूण घालताय, असं तर नाही ना. मी शपथ घेतली. त्यानं मान हलवली, पण त्याच्या डोळ्यांत विश्वास नव्हता. ती नजर मी ओळखते, आरशात रोज बघते. ती शंका मी पेरलेली होती आणि आता माझ्याच शब्दांनी ती उपटली जात नव्हती.

लग्नाचं घर शेवटी ठेवलं होतं. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. नवरीची आई ओसरीत चटईवर बसली होती, गुडघ्यापाशी स्टीलचा डबा, त्यात सोनाराकडून आलेल्या गुलाबी कागदाच्या पुड्या. ती एकेक पुडी उघडून पैंजण, जोडवी, डोरलं बघत होती आणि परत बांधत होती. मला बघून तिनं नेहमीसारखी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी खुर्चीवर न बसता उंबऱ्याजवळ टेकले आणि सांगितलं. मागच्या घरांत मी ओघात काही वाक्यं मऊ केली होती, इथे केली नाहीत. अंगणात उभी राहून मी काय म्हटलं होतं, कुणाचं नाव न घेता कुणाकडे बघितलं होतं, तेही सांगितलं.

तिनं पुडी हातातच धरून सगळं ऐकलं.

"चार वर्ष झाले सापडून?"

"हो."

"मंग काहून नाई बोलल्या?"

रस्त्यानं येताना मी चार-पाच कारणं तयार केली होती. "लाज वाटली," मी म्हटलं. "तिची इज्जत गेली तर चालली, माझी जायला नको होती."

तिनं हातातली पुडी डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं, डबा उचलला आणि आत गेली. पेटीची कडी लागल्याचा आवाज आला, मग कुलूप लागल्याचा. मी डब्यापासून चांगली चार हात लांब बसले होते.

ती बाहेर आली ती दारातच उभी राहिली. "मोठ्या बाईले सांगजा," ती म्हणाली, "परवापासून येजो म्हना. कोठी तिचीच हाय."

मी हो म्हटलं आणि उठले. ती माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली. थंडी वाजत होती, तरी मी दोन्ही हात शालीतून बाहेर काढले आणि तळवे उघडे ठेवून चालत राहिले, तिला दिसतील असे.